ठेवता का मोडता?

वैशाखातली दुपार. लातूरच्या सराफ बाजारातली एक जुनी पेढी. समोरच्या बाईनं रुमालाची गाठ सोडून ठेवलेली बोरमाळ सोनार उचलतो, दिव्याखाली धरतो, काट्यावर टाकतो. मग चष्म्यावरून बघत विचारतो, "अक्का, ठेवता का मोडता?"

ठेवणं म्हणजे गहाण. व्याज भरत राहायचं, सुगी आली की सोडवून न्यायचं. मोडणं म्हणजे कायमचं. वजन करायचं, घट धरायची, पैसे हातात, माळ मुशीत.

बाई लगेच बोलत नाही. बरोबर आलेला पोरगा दाराकडं तोंड करून उभा. थोड्या वेळानं ती म्हणते, "मोडाच भाऊ. ठिवून सोडवावं कशाच्या जिवावर?"

घरातल्या एका साखळीची कडी जोडून घ्यायला मी तिथं गेलो होतो. कडी जोडून झाली, पैसे दिले, घरी आलो. बाईचं वाक्य मात्र बरोबरच आलं. मराठवाडा मागं का राहतो, या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मी कुठल्याही अहवालात वाचलेलं नाही. आजचं सदर त्या एका वाक्याबद्दल.

क्रियापद

आमच्याकडं टंचाईच्या सालात माणसं वस्तू विकत नाहीत, मोडतात. डाग म्हणजे दागिना मोडला. बैल मोडले. बाग मोडली. पोरीची शाळा मोडली. ठरलेलं लग्न मोडलं.

विकणं हा व्यवहार आहे. जास्तीचं झालं ते विकलं. मोडणं वेगळं. ज्यातून उद्या उत्पन्न येणार होतं किंवा ज्याच्या आधारावर उद्याचं संकट निभावणार होतं, तेच आज खाऊन टाकणं म्हणजे मोडणं. हा फरक आमच्या बोलीला कधीचा कळलेला आहे. सरकारी दप्तराला अजून कळलेला नाही.

दप्तराचं माप बघा. वर्षानुवर्षं ते माप पैसेवारीचं. पीक ५० पैशांच्या आत आलं की गावात टंचाई. पुढं २०१६च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनं पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवळ, धरणसाठा, भूजल अशी मापं आणली. चांगली गोष्ट. पण यातलं प्रत्येक माप यंदाचं आहे. यंदा पाऊस किती, यंदा पीक किती, यंदा टँकर किती. गेल्या दहा वर्षांत या गावानं काय-काय मोडलं, याचा रकाना कुठल्याच नमुन्यात नाही.

आणि खरा तोटा तिथंच आहे. टंचाई एका सालाची असेल तर ती उत्पन्न खाते. ती वर्षानुवर्षं मुक्कामाला आली की भांडवल खाते. म्हणून "यंदा पाऊस चांगला झाला, दुष्काळ संपला" हे वाक्य मला मान्य नाही. पाऊस परत येतो. मोडलेलं परत येत नाही.

गाडी

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. पुढं ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, २५ लाख लिटरची. २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार. म्हणजे पहिल्या गाडीचं पाणी माणशी सव्वा लिटरच्या जरा वर, आणि भरलेल्या मोठ्या गाडीचं साडेसहा लिटर. अर्धी बादली.

ती गाडी पाठवणाऱ्या मिरज-सांगलीकरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण देशभरातले कॅमेरे त्या गाडीवर होते, तेव्हा शहरात काय मोडत होतं ते कुणी टिपलं नाही.

लातूर हे शिकवण्यांचं गाव. 'लातूर पॅटर्न' म्हणून राज्यभरातून पोरं येतात. त्या पोरांवर खानावळी चालतात, भाड्याच्या खोल्या चालतात, झेरॉक्सची दुकानं, सायकलवाले, रिक्षावाले, डबे करून देणाऱ्या विधवा बाया जगतात. त्या उन्हाळ्यात पोरं घरी परतली. दवाखान्यांनी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढं ढकलल्या. पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली. आमच्या गल्लीत खासगी टँकरला हजारावर रुपये मोजून आम्ही पाणी घेतलं. ज्याच्याकडं टाकी होती त्यानं टँकर घेतला. ज्याच्याकडं टाकी नव्हती त्यानं घागरीनं घेतलं. घागरीचं पाणी लिटरमागं कायम महाग पडतं. गरिबाला पाणी नेहमी किरकोळ भावानंच मिळतं.

डबेवाल्या एका मावशींनी त्या मे महिन्यात गॅसची मोठी शेगडी आणि पातेली मोडली. जूनअखेर पोरं परत आली, तेव्हा मावशी दुसऱ्याच्या खानावळीत पोळ्या लाटत होत्या. मालकीण होत्या, मजूर झाल्या. पाणी ऑगस्टमध्ये आलं. मावशींची खानावळ आली नाही.

फूट

आमच्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत, मुरमाच्या थरात जेवढं साचतं तेवढंच पाणी. खाली समुद्र लपलेला नाही. तरी माणूस खोदतो. तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडची बोअरची गाडी रात्रीतून शेतात येते. पाणाड्या नारळ हातावर धरून जागा दाखवतो. दोनशे फूट, कोरडं. चारशे, नुसता फुफाटा. सहाशेला ओली माती दिसते आणि बांधावर बसलेल्या घरादाराचा श्वास अडकतो. सातशेला पुन्हा धूळ. "फेल गेला."

यात एक कलम नीट वाचा: पैसे फुटामागं असतात, पाण्यामागं नाही. पाणी लागो न लागो, जितके फूट तितके पैसे रोख. ते पैसे गाडीबरोबर परराज्यात जातात आणि शेतकऱ्याच्या रानात उरतं एक झाकण ठोकलेलं भोक. एका रानात असे तीन-तीन, चार-चार पाइप दिसतात. प्रत्येक पाइपाखाली कुणाचा तरी डाग गाडलेला आहे.

राज्याचा भूजल कायदा २००९चा आहे. शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे जेमतेम दोनशे फुटांच्या खाली जाऊ नये असं तो सांगतो. गावोगाव सहाशे-सातशे फूट चाललेलं आहे आणि ते लपूनछपून नाही. त्या यंत्राचा आवाज चार गावं ऐकतात. कायदा पाळला असता तर पाणीही वाचलं असतं आणि त्याहून आधी डाग वाचले असते. शेजाऱ्याचा बोअर खोल गेला म्हणून आपला आटतो, मग आपणही खोल जायचं. या शर्यतीत जिंकणारा एकच आहे, फुटामागं पैसे घेणारा.

दावण

लातूर जिल्ह्यात उदगीरजवळ हाळी हंडरगुळीचा जनावरांचा बाजार मोठा. देवणी आणि लाल कंधारी ही आमच्या मातीतली गुरं तिथं उभी राहतात. चांगल्या सालात दात बघून, पाठीवर थाप मारून भाव होतो. टंचाईच्या सालात दातांना कोण विचारतो? सगळेच विकायला आलेले आणि घेणारा एखादा. २०१५च्या मार्चपासून राज्यात बैलांचीही कत्तलबंदी आली; त्या बंदीबद्दल कुणाचं मत काहीही असो, ऐन दुष्काळाच्या सालात बाजारातलं गिऱ्हाईक आणखी आटलं ही वस्तुस्थिती आहे.

बैलजोडी मोडली की घराचा तोटा तिच्या किमतीएवढाच होतो असं वाटतं. तसं नाही. पुढच्या मृगाला वाफसा आला की शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट बघायची. त्याचं रान झाल्यावर आपला नंबर. पेरणी आठ दिवस लांबली की उतारा घटला. दावणीला जनावर नाही म्हणून उकिरडा नाही. उकिरडा नाही म्हणून शेणखत नाही. शेणखत नाही म्हणून मातीत कर्ब नाही. आणि कर्ब नसलेली माती पाणी धरत नाही.

हे फिरून कुठं आलं बघा. पाणी नव्हतं म्हणून बैल मोडला आणि बैल मोडला म्हणून पुढच्या सालचं पाणी रानात थांबलं नाही. टंचाई टंचाईला जन्म देते, ती अशी.

सरकार छावण्या उघडतं. छावणी जनावर जगवते, हे खरं. पण ती उघडते तेव्हा अर्धी दावण आधीच मोडलेली असते. मदत मोडण्याआधी आली तर ती गुंतवणूक. मोडल्यानंतर आली तर ते सांत्वन.

बाग

जालन्याची मोसंबी. लावल्यापासून फळ धरायला चार-पाच वर्षं. त्या वर्षांत बागेनं फक्त खायचं: खत, फवारणी, पाणी, रात्रीच्या विजेची जागरणं. मग पंधरा-वीस वर्षं तिनं घराला खाऊ घालायचं. बाग म्हणजे शेतकऱ्याची पेन्शन.

२०१२-१३च्या उन्हाळ्यात जालना, औरंगाबाद, बीडकडच्या बागा वाळल्या. लोकांनी टँकर विकत घेऊन झाडांना पाणी घातलं, फांद्या छाटल्या, बुंध्याशी पाचट टाकलं. तरी झाडं गेली. मग कुऱ्हाड लावली. 'बाग मोडली' हे वाक्य उच्चारताना माणसाचा आवाज कसा बदलतो, ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. सोयाबीन गेलं तर चार महिने गेले. बाग गेली तर गेलेली पाच वर्षं गेली आणि येणारी पंधराही गेली.

आता भरपाई. केंद्राच्या आपत्ती निधीचा २०२२चा निकष: बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये. मोसंबी सहा बाय सहा मीटरवर लावली तर हेक्टरी २७७ झाडं बसतात. भागाकार करा. झाडामागं ८१ रुपये. वीस वर्षांच्या पेन्शनचे ८१ रुपये. मराठीत सुट्ट्या पैशांनाही मोड म्हणतात. बाग मोडणाऱ्याच्या हातात सरकार मोड ठेवतं.

कोयता

दसरा झाला की बीड, जालना, परभणीकडच्या गावांतून ट्रक, ट्रॅक्टर निघतात. राज्यातल्या ऊसतोड मजुरांची संख्या दहा लाखांच्या वर आहे आणि सगळ्यात मोठा वाटा बीडचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती उसात फेडायची. आजारी पडून खाडा झाला तर पैसे कापायचे. चुली, कोंबड्या, शेळ्या, म्हातारं माणूस आणि शाळेतलं पोर ट्रॉलीवर. वर्गातल्या पटावर नाव राहतं, पोर पाचट ओढत असतं.

२०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न उघड झाला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कारणं अनेक असतील. बालविवाह, बाळंतपणं, फडावरची घाण, खासगी दवाखान्यांची घाई. पण खाड्याची भीती त्या सगळ्यांबरोबर होती. डाग मोडून झाला, जनावर मोडून झालं, मग माणसानं स्वतःचं शरीर मोडलं. याला अर्थव्यवस्थेवरचा परिणाम म्हणायचं की काय म्हणायचं, ते वाचकांनी ठरवावं. मी याला परिणामच म्हणतो, कारण हा परिणाम जीव असलेला आहे म्हणून त्याला हिशेबातून वगळणं ही लबाडी होईल.

आणि ही माणसं कुठं जातात? सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, कर्नाटक. जिथं पाणी आहे तिथं. पाणी मिळालेल्या रानातला ऊस तोडायला, पाणी न मिळालेल्या रानातली माणसं. एका प्रदेशाच्या टंचाईवर दुसऱ्या प्रदेशाला स्वस्त मजूर मिळतो. हा हिशेब दोन्हीकडच्या ताळेबंदात लिहिला पाहिजे.

ऊस

आता घरची गोष्ट. राज्याच्या लागवडीच्या क्षेत्रापैकी साधारण ४ टक्क्यांवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यातला साधारण ७० टक्के वाटा तो पितो, हे कृषी मूल्य आयोगापासून सगळ्यांनी सांगून झालंय. मराठवाड्यातही मांजरेच्या खोऱ्यात कारखान्यांच्या चिमण्या उभ्या आहेत. १९९९मध्ये डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगानं तुटीच्या खोऱ्यात ऊस नको, असं स्पष्ट बजावलं. २००५च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात बारमाही पिकांना कालव्याचं पाणी हवं तर ठिबक हवं, अशी तरतूद झाली. आयोग कपाटात, कायदा कागदावर, पाणी पाटात.

साखरेचं पोतं बाहेर जातं तेव्हा त्याच्याबरोबर आमचं पाणीही बाहेर जातं. ज्या शहराला पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्याच्याच जिल्ह्यातून पाणी पोत्यांत भरून बाहेर पाठवणं हा कुठलाही शहाणा प्रपंच नाही.

पण ऊसवाल्या शेतकऱ्याला शिव्या घालून मोकळं होणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्याच्या बांधावर बसून विचार करा. उसाला किमान दर कायद्यानं बांधलेला आहे. २०२४-२५च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागं ३,४०० रुपये, आणि चौदा दिवसांत पैसे द्यायचं बंधन. पैसे वेळेवर मिळत नाहीत म्हणून भांडावं लागतं, पण भांडायला कायदा हाताशी आहे. सोयाबीनचं काय? त्याच सालचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि लातूरच्या आडतीत सोयाबीन त्याच्या पुष्कळ खाली गेलं. हमी कागदावर होती, घेणारा नव्हता. ज्या पिकाला कमी पाणी लागतं त्याला घेणारा नाही. ज्याला पाणी ढीगभर लागतं त्याचा ट्रक दारात येऊन उभा राहतो. शेतकरी पाणी बघून पीक घेत नाही, खात्री बघून घेतो. तूर, सोयाबीन, हरभऱ्याला उसासारखी खात्री द्या, ऊस मोडायला सरकारला पोलीस लागणार नाहीत. आमच्यातलं एकच मोडणं असं आहे, ज्याचं मी स्वागत करीन: तुटीच्या खोऱ्यातला ऊस.

पाऊस

२०१६ला पाऊस आला. मांजरा धरण भरलं. लोक धरणावर जाऊन ओटी भरून आले. तुरीचं अमाप पीक आलं. आणि २०१७च्या सुरुवातीला भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली कोसळला. खरेदी केंद्रांपुढं ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपला, केंद्र बंद, उघड्यावर तूर.

त्यावेळी तूर घरात ठेवून भावाची वाट कुणी बघितली? ज्याच्याकडं चार पैसे शिल्लक होते त्यानं. ज्याच्या अंगावर दोन सालांची उसनवारी, दुकानदाराची उधारी, पोरीच्या लग्नाचं कर्ज होतं, त्यानं खळ्यावरून माल थेट आडतीत नेला. ज्याला थांबता येतं त्याला भाव मिळतो. मोडलेल्या घराला थांबता येत नाही. टंचाईत ते घर नाइलाजानं मोडतं आणि सुकाळात नाइलाजानं विकतं.

मग २०२५चा सप्टेंबर. धाराशिव, बीड, लातूरकडं ढग फुटले, नद्या रानात शिरल्या, पिकांबरोबर माती वाहून गेली. 'जमीन खरवडून गेली' हे शब्द पंचनाम्यात आले. बांध, ताली, शेणखत, झाडं यांनी जी माती धरून ठेवायची, ते सगळं आधीच मोडत आलेलं होतं. पाणी कमी आलं तरी मार, जास्त आलं तरी मार.

प्रादेशिक समतोलावर डॉ. विजय केळकर समितीनं २०१३मध्ये अहवाल दिला. उर्वरित महाराष्ट्राच्या मानानं मराठवाड्याचं दरडोई उत्पन्न सुमारे ४० टक्क्यांनी कमी असल्याचं त्यात दिसलं. ही दरी एका कोरड्या सालानं पडत नाही. दर चार-दोन वर्षांनी घर थोडं-थोडं मोडत गेलं की पडते. व्याज चक्रवाढ असतं हे आपण शाळेत शिकतो. मोडही चक्रवाढ असते, हे कुणी शिकवत नाही.

रकाना

करायचं काय, हे अंधारात नाही. उजेडात आहे.

१९७२ला माणसं उपाशी होती. सरकारनं कामं काढली आणि १९७३च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं त्या कामांवर होती. त्यांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, नाले बांधले. त्यातून रोजगार हमीचा १९७७चा कायदा झाला, पुढं देशाचा झाला. त्या दुष्काळानं माणसांना सुकडी खाऊ घातली आणि मागं तलाव ठेवले. आजच्या टंचाईवरचा पैसा टँकरच्या डिझेलमधून धूर होऊन जातो. मागं काही ठेवत नाही. अलीकडच्या काळात मागं काहीतरी ठेवायचं म्हणून जलयुक्त शिवार आलं, पण महालेखापालांनी २०२०मध्ये सांगितलं की ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजलात म्हणावा तसा फरक पडला नाही. यंत्रानं नाला खोल खणणं आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोट बांधणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

दुसरं काम कसं असतं ते जालन्याजवळच्या कडवंचीनं दाखवलं. १९९६पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनानं त्या गावानं अख्खा पाणलोट बांधला, शेततळी केली, द्राक्षं उभी केली. २०१२-१३ला आजूबाजूच्या बागा जळत होत्या, तेव्हा कडवंचीच्या वेली हिरव्या होत्या. शेततळं विहिरीतून उपसून भरलं तर ते भूजलावरचा दरोडा ठरतं, हेही तितकंच खरं. म्हणूनच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचा धडा महत्त्वाचा. पोपटराव पवारांच्या त्या गावात पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग रब्बीला काय पेरायचं ते ठरवतात. बोअरवर शेती नाही. ऊस नाही. आधी जमा, मग खर्च.

या ताळेबंदात मला एक रकाना वाढवून हवा आहे. मोडीचा. यंदा गावात किती जोड्या मोडल्या. किती झाडांना कुऱ्हाड लागली. किती पोरं हंगामात पटावर राहिली आणि वर्गात राहिली नाहीत. किती बोअर फेल गेले. किती घरांनी डाग मोडला. यासाठी उपग्रह लागत नाही. गावातल्या आशाताईला, अंगणवाडीच्या बाईला, मास्तरांना आणि सोनाराला हे सगळं पाठ आहे. हा आकडा वर्षावर्षाला लिहिला गेला तर दोन गोष्टी होतील. चारा दावणीवर कधी पोचायला हवा, बागेला पाणी कधी द्यायला हवं, मागं राहणाऱ्या पोरांचं हंगामी वसतिगृह कधी उघडायला हवं, हे मार्चमध्येच कळेल. मेमध्ये मोर्चा निघायची वाट बघावी लागणार नाही. आणि पाऊस पडला की "आता सगळं ठीक" म्हणणाऱ्याच्या पुढं हा कागद ठेवता येईल.

दर १ मेला ग्रामसभा असते. झेंडावंदन होतं, पेढे वाटले जातात, विषयपत्रिका वाचली जाते, ठराव क्रमांक पडतात. ऐन टंचाईचा तो दिवस. यंदा तुमच्या गावात कुणीतरी उठून उभं राहावं आणि एवढंच विचारावं: "गेल्या १ मेपासून आजपर्यंत गावात काय-काय मोडलं?" एकेकानं सांगावं. ग्रामसेवकानं इतिवृत्तात लिहावं. खाली सह्या, अंगठे घ्यावेत.

रुमालाच्या गाठीत बोरमाळ बांधून आलेल्या त्या बाईचं नाव त्या कागदावर असलं पाहिजे. तिचा डाग मुशीत गेला. तिचा हिशेब जाऊ नये.